रुमालाखालचा सौदा आणि उघडा नकार

लहानपणी आजोबांबरोबर खरसुंडीच्या जत्रेला गेले होते, तिथं खिलार बैलांचा सौदा बघितलेला. दोन माणसं रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबतायत, भाव काय ठरला ते त्या दोघांनाच ठाऊक. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो आणि कुणीही बदल सुचवू शकतं अशा सॉफ्टवेअरच्या जगात, याच्या बरोबर उलटं चालतं, आणि मी तिथं टिकले ती त्यामुळेच.

झालं असं की मागच्या पावसाळ्यात विश्रामबागच्या खोलीवर बसून मी अशाच एका टेक्स्ट एडिटरला पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, पाठवला. बॅकस्पेस दाबलं की 'स्त्री' तुकड्यातुकड्यानं पुसलं जायचं, आधी वेलांटी, मग र, कारण कॉम्प्युटरच्या हिशोबात त्या एका अक्षराचे 6 कोडपॉइंट, म्हणजे सुटे तुकडे, होतात. मला वाटलं ही चूकच आहे, अख्खं जोडाक्षर एका फटक्यात जायला पाहिजे. मेंटेनरनं, म्हणजे तो एडिटर सांभाळणाऱ्यानं, पॅच नाकारला, पण कारण लिहून: वेलांटी चुकून ऱ्हस्व पडली तर माणसाला तेवढीच बदलायची असते, पूर्ण अक्षर परत कशाला टाइप करायला लावायचं? दिवसभर मराठी टाइप करते मी, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

तो नकार आजही कुणीही उघडून वाचू शकतं. अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रोजेक्टांत तर नियमच आहे, कोडमधल्या बदलाला उणे एक, म्हणजे विरोधी मत, दिलं की बदल अडतो, पण तांत्रिक कारण दिलं नसेल तर तो व्हेटो (नकाराधिकार) धरतच नाहीत. मत द्यायला निदान 72 तास देतात, कारण आपण जागे असतो तेव्हा दुसरीकडं कुणीतरी झोपलेलं असतं.

सगळीकडं मतदान असतं असं नाही हं. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, शेवटचा शब्द तो सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचाच. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तो ती बनवणाऱ्या गिडो व्हॅन रॉसमचा होता, पण वॉलरस ऑपरेटर या भाषेतल्या एका नव्या चिन्हावरून एवढी भांडणं झाली की 2018 च्या जुलैत त्यांनी पद सोडलं, आणि वारस नेमला नाही, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. मला हे फार मोठं वाटतं. मग कोअर डेव्हलपरांनी, म्हणजे पायथनचा कोड सांभाळणाऱ्या मुख्य लोकांनी, मतदान करून 5 जणांची कौन्सिल आणली, तीही निवडून द्यायची.

परवा आमच्या अपार्टमेंटच्या मीटिंगला पाण्याच्या टाकीचा खर्च 'ठरलाय' म्हणून सांगितला. कुणी ठरवला विचारलं तर सगळे चहाच्या कपात बघायला लागले. मी रजिस्टर मागितलं, त्या महिन्याचं पान कोरं होतं. पुढच्या मीटिंगला लिहायला मीच बसणार आहे, तसं सेक्रेटरी काकांना सांगून आलेय.