शंका म्हणजे किती?

स्कायडायव्हिंगच्या पहिल्या दिवशीच्या वर्गात येणारे प्रश्न ठरलेले असतात. श्वास घेता येतो का? येतो. पोटात गोळा येतो का? नाही, कारण विमान आधीच ताशी शंभर मैलांच्या आसपास पुढे चाललेलं असतं आणि तुम्ही तोच वेग घेऊन बाहेर पडता. पॅराशूट उघडलं की माणूस वर खेचला जातो का? व्हिडिओत तसं दिसतं खरं, पण तुमचा वेग कमी होतो तेव्हा कॅमेरावाला अजून ताशी एकशेवीस मैलांनी खाली चाललेला असतो. वर जात कोणीच नाही. आणि शेवटी, बाकीचे आपल्याकडे बघत नाहीत ना याची खात्री करून, कोणीतरी विचारतंच: नाही उघडलं तर?

मी दक्षिण कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि शनिवार-रविवार एका ड्रॉप झोनवर, म्हणजे विमानातून उड्या मारायच्या मैदानावर, स्कायडायव्हिंग शिकवतो. जगभरचे लोक येतात ते इथल्याच पेरिस, एल्सिनोर या मोठ्या ड्रॉप झोनकडे. आमचं त्यामानाने लहान, धूळ जास्त. आपली मंडळी येतात ती बहुतेक टँडेम करायला. म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या पोटाशी बांधून घ्यायचं, ओरडायचं, व्हिडिओ घ्यायचा आणि घरी जायचं. त्यात वाईट काही नाही, ड्रॉप झोन त्यांच्याच पैशांवर चालतात. पण एकट्याने उडायला शिकायला येणारा मराठी माणूस विरळाच. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या, सांगलीत ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या बाई वर्गात येऊन बसल्या तेव्हा मी जरा सावरूनच बसलो.

काकू म्हटलेलं त्यांना चालेना. "इथे तू शिकवणार ना? मग बाई म्हण, सगळे तेच म्हणतात." स्कायडायव्हर शीतल महाजन 2018 साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडाल्या, ते बाईंनी पाहिलं होतं. "त्यांना नऊवारी चालते, मग मला पंजाबी ड्रेस का नाही?" त्यांच्या गाठीला शेकडो जंप आहेत आणि तुमच्या शून्य, असं सांगितल्यावर निमूट जंपसूट चढवला. जोखमीचा करारनामा त्यांनी सगळा वाचला. माझ्या आठवणीत तो अथपासून इतिपर्यंत वाचणारं दुसरं कोणी नाही. लोक परिच्छेदामागून परिच्छेदावर आद्याक्षरं ठोकत जातात, अर्धं लक्ष फोनमध्ये. बाईंनी त्यात व्याकरणाच्या दोन चुका काढून दिल्या.

आणि मग प्रश्न. "ते यंत्र आपोआप रिझर्व्ह उघडतं, मग मी हँडल कशाला ओढू?" रिझर्व्ह म्हणजे पाठीवरचं दुसरं, राखीव पॅराशूट. हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो, विचारत कोणी नाही. हेल्मुट क्लोथ या जर्मन माणसाने 1991 साली सायप्रेस नावाचं हे यंत्र बाजारात आणलं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजतं आणि साधारण 750 फुटांवर तुम्ही अजून दगडासारखे पडत असाल तर रिझर्व्ह बंद ठेवणारी दोरीची कडी कापतं. त्या वेगाने तिथून जमीन चार-पाच सेकंदांवर. त्याला वेगच कळतो. वर कॅनॉपी, म्हणजे पॅराशूटचं कापड, अर्धवट उघडून नुसती वळत असेल आणि तुम्ही बेताने खाली येत असाल, तर ते गप्प बसतं. बाईंनी हे वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली.

"अमेरिकेत मरतात किती?" 2023 साली इथे छत्तीस लाखांहून जास्त जंप झाले आणि दहा माणसं गेली. हा आकडा ऐकून लोक सैल होतात. बाईंनी विचारलं, त्यातली न उघडल्यामुळे किती? या खेळातली बोचणारी गोष्ट हीच आहे. गेल्या कित्येक वर्षांत मेलेल्यांतले बरेच जण चांगल्या, पूर्ण उघडलेल्या कॅनॉपीखाली मेले. जमिनीजवळ जोरात वळले म्हणून. उघडणं हा प्रश्न आपल्या उपकरणांनी बऱ्यापैकी सोडवलाय, चालवणं हा अजून माणसाकडेच आहे.

उपकरणांवर मी जरा जास्तच बोलतो. खांद्यावरच्या तीन कड्या विद्यार्थ्याच्या हातात दिल्याशिवाय मी पुढे जात नाही. बिल बूथ याची ही कल्पना. मोठी कडी हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना. तिच्यातून मधली कडी ओवून उलटी दुमडायची, मधलीतून धाकटी तशीच, आणि धाकटीवरून दोरीचा एक बारीक फास, ज्यात पिवळी केबल अडकवलेली. प्रत्येक कडी तरफेसारखी ओढ कमी करत नेते, त्यामुळे अंगावर माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट ताण असला तरी त्या फासावर येणारा ताण नगण्य राहतो. उजव्या बाजूचं लाल हँडल ओढलं की केबल निघते, कड्या एकामागून एक पलटतात, आणि मेन, म्हणजे मुख्य कॅनॉपी, तुमच्यापासून सुटते. मग डावीकडची चंदेरी कडी: रिझर्व्ह. विद्यार्थ्याच्या रिगमध्ये, म्हणजे पाठीवरच्या सगळ्या सरंजामात, मेन सुटताना एक पट्टा आपणहून रिझर्व्हची पिन काढतो, तरी आम्ही दोन्ही हँडल ओढायला शिकवतो. रिझर्व्हची घडी प्रमाणित रिगरच घालू शकतो, दर 180 दिवसांनी, आणि पिनेवर लाल दोरा बांधून शिशाचं सील मारतो. बाईंनी ते सील नखाने चाचपून पाहिलं. "म्हणजे कोणीतरी यावर सही केलीय." केलीय.

छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये लटकवून आम्ही बिघाडांचे फोटो दाखवतो आणि विद्यार्थ्याने ओरडून उत्तर द्यायचं असतं. तीन गोष्टी बघायच्या: कॅनॉपी आहे का, चौकोनी आहे का, चालवता येते का. पहिल्या दोन डोळ्यांनी कळतात. तिसरीसाठी टॉगल, म्हणजे कॅनॉपी वळवायच्या मुठी, हातात घ्यायचे, उजवीकडे वळवून बघायचं, डावीकडे, आणि दोन्ही एकदम खाली ओढून बघायचं, जसं उतरताना ओढायचं असतं. 2,500 फुटांपर्यंत खात्री झाली नाही तर मेन सोडून द्यायची, म्हणजे कटअवे.

बाई लटकलेल्या अवस्थेतच म्हणाल्या, "खात्री म्हणजे काय?"

"शंका असेल तर सोडायची."

"अरे, पण शंका म्हणजे किती? त्याला काही एकक?"

वर्ग हसला. मी म्हटलं, बाई, 2,500 फुटांवर एकक शोधत बसायला वेळ नसतो. उत्तर चलाख होतं आणि वेळ मारून नेण्यापुरतं चाललं.

आणखी एक मागणी होती, रेडिओवर मराठीत बोल. विद्यार्थ्याच्या छातीवर किंवा हेल्मेटमध्ये एकतर्फी रेडिओ असतो. खालून आम्ही "डावीकडे वळा", "आता ओढा" एवढं सांगतो, त्यांना उत्तर देता येत नाही. मराठीला मी नाही म्हटलं. रेडिओवर कधी मी असेन, कधी दुसरा. कानाला ठरलेल्याच शब्दांची सवय हवी.

त्या शनिवारी बाईंचा अभ्यासक्रमातल्या पाचव्या लेव्हलचा जंप होता. हवेत सोबतीला दुसरा इन्स्ट्रक्टर, रेडिओवर मी. वारा विद्यार्थ्यांसाठीच्या ताशी 14 मैलांच्या मर्यादेच्या बराच आत. 5,000 फुटांवर बाईंनी पायलट चूट, म्हणजे मेनला बाहेर खेचणारं छोटं पॅराशूट, फेकला आणि कॅनॉपी उघडली. चौकोनी, भरलेली, सुंदर. आणि हळूहळू डावीकडे वळायला लागली.

आधी वाटलं, बाई चाचणी करतायत. पण वळण थांबेना. टेन्शन नॉट असावी, म्हणजे उघडताना दोन-चार दोऱ्या, मांजाचा गुंता पडतो तशा, एकमेकींत अडकतात आणि ताण असेपर्यंत सुटत नाहीत. डावीकडच्या दोऱ्या आखूड झाल्या की ती बाजू टॉगल ओढल्यासारखी वागते. बाईंनी शिकवल्याप्रमाणे दोन्ही टॉगल पटापट खाली-वर केले. मला खालून त्यांचे हात दिसत होते. पुन्हा केले. मग उजवा टॉगल अर्धा ओढून धरला आणि कॅनॉपी सरळ झाली.

माझा अंगठा बटणावर होता.

ड्रॉप झोनवर न राबलेल्यांना हे पटकन उमगत नाही. माझ्याकडे आवाज होता, अनुभव होता, आणि मी बोललो नाही. बिघाड दिसला तर रेडिओवरून निर्णय द्यायचा नाही, असा आमच्याकडे दंडक आहे आणि तो मला पटतो. बाईंची उंची नेमकी किती ते मला खालून कळत नाही, टॉगलला किती जोर लागतोय ते कळत नाही. मी "चालवत राहा" म्हटलं आणि त्या माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत 1,000 फुटांखाली आल्या, तर तिथे मेन सोडायचीही सोय उरत नाही. "सोडा" म्हटलं आणि रेडिओ भलत्याच विद्यार्थ्याच्या कानात गेला, तर? असं होऊ शकतं. एका फेरीत कधी दोन विद्यार्थी असतात.

बाईंनी सरळ जाता जाता दोन्ही टॉगल खाली ओढून पाहिले. कॅनॉपी डावीकडे झुकली. सोडून पुन्हा ओढले, पुन्हा झुकली. मग काही सेकंद नुसतं सरळ उड्डाण, त्या काळात काय विचार चालला होता तो त्यांचा त्यांना ठाऊक. आणि मेन त्यांच्यापासून सुटून ढिली पडली, लगेच रिझर्व्हचं पांढरं कापड उघडलं. तिथून पुढे माझं काम होतं, मी बोललो, बाई शेजारच्या शेतात व्यवस्थित लोळण घेऊन उतरल्या. गुडघ्याला खरचटलंसुद्धा नाही.

गंमत त्यानंतर सुरू झाली. मेन कॅनॉपी अर्ध्या मैलावर सापडली, रिझर्व्हची पिशवी बराच शोध घेऊन. रिगरने मेन लांब टेबलावर पसरली, दोऱ्या एकेक करून बोटांतून सरकवत गेला. तो बोलायला कंजूष आहे. शेवटी म्हणाला, काही नाही. गाठ नाही, फाटलेलं नाही, एका दोरीवर जराशी चकाकी, ती घासल्याची असेल, जुनीही असेल. ताण गेला की टेन्शन नॉट आपोआप सुटते. म्हणजे ज्यासाठी कॅनॉपी सोडली त्याचा पुरावा कॅनॉपी सोडल्याबरोबर नाहीसा होतो.

आमच्यातला एक इन्स्ट्रक्टर, उत्तम उडतो, माणूस म्हणून सांगण्यासारखं फारसं नाही, बाई ऐकू येतील इतक्या अंतरावर म्हणाला की चांगली कॅनॉपी फुकट घालवली, सरळ तर जात होती, तशीच उतरवायची. हजारो जंप झालेल्या माणसाने ती तशी उतरवली असतीही. पाचव्या लेव्हलच्या विद्यार्थिनीकडून ती अपेक्षा करणं म्हणजे शुद्ध मिजास. या खेळात असे बरेच आहेत. आपण कधीकाळी पहिला जंप मारला होता हे ते विसरलेले असतात.

बाईंनी रिगरसाठी बाटली आणली, कारण ज्याने घडी घातलेली रिझर्व्ह उघडते त्याला बाटली द्यायची रीत आहे. आधी मला विचारून झालं होतं की पुरणपोळ्या चालतील का. मग माझ्यासमोर येऊन बसल्या, वही उघडली.

"सोडायची गरज होती का?"

"तुम्ही शिकवल्याप्रमाणे केलंत."

"ते मी विचारलं नाही."

माहीत नाही, म्हटलं.

"तू का नाही बोललास?"

मी दंडक सांगितला, कारणं सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली, पटलीही असावीत. मग म्हणाल्या, "मी शेवटी सरळ जात होते ना, तेव्हा मी तुझ्या आवाजाची वाट बघत होते. साधारण पाच सेकंद. मग अल्टिमीटर बघितला, 2,600 होते."

तेव्हापासून मी यातच अडकलोय. माझं गप्प राहणं नियमाला धरून होतं. पण बाईंना ते गप्प राहणं म्हणून ऐकू आलं नाही, उत्तर येतंय असं वाटत राहिलं. पाच सेकंद फार नाहीत. अजून तीस फूट खाली येईपर्यंत असो की तीनशे, दुसऱ्या एखाद्याने वाट बघितलीच असती. आता मी पहिल्याच दिवशी वर्गात सांगतो की बिघाड असेल तर रेडिओ बोलणार नाही, मुळीच नाही, वाट बघू नका. तरी वाट बघणार नाहीत याची खात्री मला नाही. चांगल्या उघडलेल्या कॅनॉपीखाली आम्हीच तर त्यांना प्रत्येक वळणाला रेडिओकडे कान लावायला शिकवतो. माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, उघडल्यापासून 2,500 फुटांपर्यंत रेडिओ बंदच ठेवा, कोणालाच काही सांगू नका. मला तेही पटत नाही. पहिल्या जंपला गांगरून टॉगल हातात घ्यायलाच विसरणारे असतात, त्यांना एक शब्द पुरतो. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

लॉगबुकात इन्स्ट्रक्टरला शेरा लिहावा लागतो. मी लिहिलं, "टेन्शन नॉट, कटअवे, योग्य निर्णय." बाईंनी वाचलं.

"टेन्शन नॉट कोणी पाहिली?"

"कोणी नाही."

"आणि योग्य कशावरून?"

लेखी परीक्षेत उत्तरपत्रिका परत करावी तसं लॉगबुक माझ्यापुढे सरकवलं. मी दोन्ही खोडलं. बाईंनी सांगितलेलं लिहिलं: "डावीकडे सतत वळण, कारण सिद्ध नाही. दोन चाचण्यांत सरळ उतरण्याची खात्री झाली नाही. 2,600 फुटांवर कटअवे." खाली सही केली. पाचवी लेव्हल त्यांनी पुन्हा मागितलीय, आणि या वेळी रेडिओवर तो मिजासखोर असला तरी चालेल म्हणाल्या.