आई दार वाजवते

२८ मे. नवतप्याचा, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांतला, चौथा दिवस.

आज आईनं माझ्या खोलीचं दार वाजवलं. अंगठीनं, दोनदा. टक टक. मग बाहेरूनच, "येऊ का गं? बीपीची गोळी कपाटात राहिली."

आली, गोळी घेतली, जाताना दार लावून गेली. आवाज न करता, हळूच. एवढंच झालं. साडेबाराची गोष्ट. आता रात्रीचे अकरा वाजलेत आणि ती टक टक कानातून जात नाही.

आमच्या घरात कुणी दार वाजवत नाही. आमच्याकडची दारं वाजवायला नसतातच मुळी, ओले टॉवेल टांगायला असतात. आणि गोळी तिची, कपाट तिचं. मग मला एवढं लागलं का?

आधी रागच आला. म्हटलं, हिला दाखवायचंय की मी पाहुणी आहे. असेनही. पुण्याहून आणलेल्या सहा खोक्यांपैकी चार अजून तसेच बांधलेले आहेत, आणि ते मी कधी उघडणार हे विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलंय. शेजारच्या काकू मात्र भेटल्या की हमखास विचारतात, "अजून सुट्टीच सुरू आहे का गं?" दिवसाचे नऊ तास काम करते मी! पण घरात बसून केलेलं काम कुणाला दिसत नाही.

म्हणून तर ही खोली इतकी मन लावून मांडली. बाबांचं सागवानी टेबल तीस इंच उंच, त्यावर टाइप करायचं तर खांदे कानाला लागतात. साडेसात हजारांची जाळीच्या पाठीची खुर्ची घेतली (फोमच्या पाठीवर या उन्हात बसून दाखवावं कुणी). ती कोपर काटकोनात येईपर्यंत वर केली, तर पाय लोंबकळायला लागले. मग पायाखाली जेवायचा पाट. लॅपटॉप पालथ्या स्टीलच्या डब्यावर चढवला, पडद्याची वरची कड बरोब्बर डोळ्यांच्या रेषेत, आणि कीबोर्ड वेगळा. ट्यूबलाइटची पट्टी पडद्यावर चमकायची म्हणून टेबल दोनदा फिरवलं. खिडकीत कूलर, त्यात यंदा नवी खस. मीटिंगमध्ये बंगळुरूची मंडळी विचारतात, तुमच्याकडे पाऊस सुरू आहे का? नागपुरात, मे महिन्यात, पाऊस!

असो. टक टक.

खरं तर तिला दार वाजवायला मीच सांगितलं होतं. मागच्या मंगळवारी ती कैरीचं पन्हं घेऊन थेट कॅमेऱ्यात आली, आणि मी म्हणाले, "आई, दार वाजवून येत जा ना!" हळूच म्हणाले होते. असं मला वाटतं. आवाज बंद करायला विसरले होते, त्यामुळे किती हळू ते बंगळुरूला विचारावं लागेल. तिनं ग्लास टेबलावर ठेवला, खाली आठवणीनं कागद सारला आणि गेली.

पण नुसतं तेवढंही नाही.

डोळे फार चुरचुरतात म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं. खोली दहा बाय अकरा. खिडकीत कूलर. वीस फूट आणायचे कुठून? दार उघडलं तरच हॉलच्या पार टोकापर्यंत नजर जाते. म्हणून आज ती गेल्यावर दार उघडलं आणि नियमानं वीस सेकंद बघितलं. टोकाला, पंख्याखाली, नुसत्या फरशीवर आई आडवी झाली होती. छातीवर ओला पंचा. पंखा वरच्या स्लॅबची सगळी गरमी खाली ढकलत होता.

२०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हाही ती दुपारी याच कूलरसमोर दिवाणावर झोपायची. दिवाण अजून इथंच आहे. त्यावर माझ्या वायरी आहेत.

जुलैत हवेत ओल आली की कूलर तसाही काही कामाचा राहत नाही, तेव्हा खोली तिला देऊन टाकू, असं मनाशी म्हणून बघितलं. म्हणजे नवतपा माझा आणि चिकचिक तिची. छान वाटणी.

वायरी उचलल्या. तिला उठवलं, "आत ये, झोप."

"तुझं काम सुरू आहे ना?"

"कामच करून राहिली मी. तू झोप."

"तुझ्या त्या लोकांना दिसन ना मी."

"दिसत नाही तू." कॅमेरा उलट्या बाजूला आहे, हे समजावून सांगायला पाच मिनिटं गेली. मग आली. येताना, दार सताड उघडं असताना, चौकटीवर अंगठीनं टक टक केलीच. माझ्याकडे बघून. ही बाई!

तीनची मीटिंग सुरू झाली तेव्हा तिचं घोरणं चांगलं लयीत आलं होतं. दहाव्या मिनिटाला बंगळुरूहून विचारणा झाली, आज आवाज जरा जास्त येतोय का?

म्हटलं, कूलर जुना आहे आमचा.