‘आम्ही फक्त ख्रिस्ती’ म्हणणाऱ्यांचा पंथ कसा ओळखायचा

“तुम्ही कोणत्या पंथाचे?” असं विचारलं की “पंथबिंथ काही नाही, आम्ही फक्त ख्रिस्ती” हे उत्तर हल्ली सर्रास मिळतं. अमेरिकेतल्या २०२० च्या धर्मगणनेत अशा नॉन-डिनॉमिनेशनल, म्हणजे कुठल्याही पंथाशी न जोडलेल्या, मंडळ्या (स्थानिक चर्च) ४४ हजारांच्या वर भरल्या आणि त्यांच्याशी जोडलेले लोक सुमारे २ कोटी १० लाख. उत्तर देणारा प्रामाणिक असतो, पण त्याच्या एका वाक्यात दोन निरनिराळे दावे असतात.

पहिला दावा कारभाराचा. आमच्यावर बिशप नाही, सिनड (पंथाची वरची सभा) नाही, पाळक (मंडळीचा धर्मगुरू) आम्हीच नेमतो, इमारत आमच्याच नावावर आहे. हा दावा कागदपत्रं पाहून तपासता येतो आणि बहुतेक वेळा खरा निघतो. दुसरा दावा शिकवणुकीचा: आम्ही कुठलीच परंपरा मानत नाही, सरळ बायबलमधून घेतो. हा मला कधीच पटलेला नाही. बाप्तिस्मा कुणाला द्यायचा हे ठरवल्याशिवाय मंडळी चालत नाही, आणि ते ठरवलं की तुम्ही कुठल्या तरी जुन्या वादात एक बाजू घेतलेली असते.

नाव टाकून देण्याचा प्रयोग नवा नाही. १८०४ साली केंटकीत बार्टन स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली ‘स्प्रिंगफील्ड प्रेस्बिटेरी’ ही मंडळ्यांची कारभारी सभा चक्क मृत्युपत्र लिहून विसर्जित केली. यापुढे नाव एकच, ख्रिस्ती. १८०९ मध्ये थॉमस कॅम्बेल यांनी अशाच ऐक्याचा जाहीरनामा काढला आणि १८३२ मध्ये दोन्ही चळवळी एकत्र आल्या. पुढे मिशनरी संस्था असावी की नसावी, उपासनेत वाद्य वाजवावं की नाही, यावरून तडा गेला. १९०६ च्या सरकारी धर्मगणनेत याच प्रवाहातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ची नोंद ‘डिसायपल्स’ या दुसऱ्या गटापासून वेगळी झाली. आज त्या एका प्रवाहाच्या तीन मोठ्या शाखा आहेत. ब्रदरनांची, म्हणजे नेमलेल्या पाळकाशिवाय चालणाऱ्या बंधुमंडळ्यांची, गत तर आणखी गमतीची. त्यांनी नाव घ्यायलाच नकार दिला, तेव्हा गणनेवाल्यांनी त्यांना ‘प्लिमथ ब्रदरन १, २, ३, ४’ असे क्रमांक देऊन टाकले! असेंब्लीज ऑफ गॉड ही पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणारी) संघटना १९१४ मध्ये स्थापन झाली तेव्हा नवा पंथ काढायचा नाही असंच ठरलं होतं. दोनच वर्षांत त्रैक्यावरून (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून) वाद पेटला आणि मूलभूत सत्यांचं निवेदन लिहावं लागलं.

मंडळीची खरी वंशावळ तिच्या फलकावर सापडत नाही, रविवारच्या उपासनेत सापडते. सर्वांत आधी बाप्तिस्मा पाहा. तान्ह्या बाळांना देत असतील तर मुळं प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, अँग्लिकन किंवा लुथरन बाजूला असण्याची शक्यता मोठी. फक्त विश्वास कबूल केलेल्यांना, पाण्यात बुडवून देत असतील तर पुढचा प्रश्न विचारा: बाप्तिस्मा तारणाची (उद्धाराची) साक्ष आहे की पापक्षमेसाठी आवश्यक? ‘साक्ष’ म्हणणारे बहुधा बॅप्टिस्ट वळणाचे असतात. प्रेषितांची कृत्ये २:३८ दाखवून ‘आवश्यक’ म्हणणारे बहुधा स्टोन-कॅम्बेल वळणाचे, निदान बाप्तिस्मा पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने देत असतील तर. केवळ येशूच्या नावाने देत असतील तर ते ‘वननेस’ पेंटेकॉस्टल असू शकतात, आणि तिथे फरक त्रैक्याच्या शिकवणीपर्यंत जातो.

मग प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. दर रविवारी असेल आणि पाळकाऐवजी कोणीही बंधू उठून प्रार्थना करून भाकर मोडत असेल, तर ब्रदरन वळणाची शक्यता मोठी. महिन्यातून किंवा तिमाहीत एकदा असेल तर बॅप्टिस्ट छाप संभवते. अन्य भाषांबद्दल, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलण्याबद्दल, नुसतं “मानता का?” विचारून भागत नाही. “अन्य भाषा बोलणं हा पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पुरावा आहे का?” असं विचारा. ‘होय’ म्हणणारे पेंटेकॉस्टल. ‘दान आहे, पण पुरावा नाही’ म्हणणारे कॅरिस्मॅटिक. शेवटच्या काळाबद्दलही असंच. महासंकटाच्या (जगाच्या अंतापूर्वीच्या छळकाळाच्या) आधी मंडळी, म्हणजे सगळे विश्वासणारे, वर उचलली जाईल, ही शिकवण १९ व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड संदर्भ बायबलने घरोघरी नेली. ती मानणाऱ्याने ‘आम्हाला परंपरा नाही’ म्हणताना जरा जपून म्हणावं.

घोटाळे मात्र शिकवणुकीपेक्षा कारभारात जास्त होतात. संकेतस्थळावरचं विश्वासाचं निवेदन दहा ओळींचं, सगळ्यांना मान्य होईल असं असतं. स्त्रियांनी उपदेश करावा का, घटस्फोटितांचा पुनर्विवाह लावणार का, पूर्वीचा बाप्तिस्मा चालेल की पुन्हा घ्यावा लागेल, हे त्यात नसतं. ते सदस्यत्वाच्या वर्गात, कधी कधी त्याच्याही नंतर कळतं. म्हणून सदस्य होण्यापूर्वी मंडळीची घटना (नियमावली) मागून घ्यावी. पाळकाला काढण्याचा अधिकार कुणाला, वडील (मंडळीचे ज्येष्ठ कारभारी) कोण नेमतं, हिशेब बाहेरचा माणूस तपासतो का, एवढं वाचलं तरी पुरे. कॅल्व्हरी चॅपल या अमेरिकेतून पसरलेल्या मंडळ्यांच्या परंपरेत ‘मोशेचा नमुना’ म्हणतात, त्यात पाळक पुढारी आणि वडील साहाय्यक असतात. पाळक वडिलांना नेमणार आणि वडील पाळकाला जाब विचारणार, अशी रचना असेल तर तक्रार कुठे न्यायची? पंथाच्या मंडळीत निदान वरचं दार ठोठावता येतं.

स्वतःबद्दल सांगायचं तर ‘फक्त ख्रिस्ती’ला दोन-तीन विशेषणं जोडावीत: “स्वतंत्र मंडळी, प्रौढ बाप्तिस्मा, कॅरिस्मॅटिक”. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला गट पाडल्याबद्दल झापलं तेव्हा ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ यांच्याबरोबर ‘मी ख्रिस्ताचा’ म्हणणारेही यादीत होते, हे विसरू नये.

आणि बाप्तिस्म्याचा दाखला घेताना त्यावर तारीख, तेव्हाचं वय, बुडवून की शिंपडून, कुणाच्या नावाने आणि कुणाच्या हस्ते, हे सगळं लिहून घ्या. गाव बदललं की नवी मंडळी नेमकं हेच विचारते, आणि स्वतंत्र मंडळी बंद पडली की तिची नोंदवही मागायला वरचं कार्यालय नसतं.