काचपट्टीवर काहीच नव्हतं

गेल्या महिन्यात आमच्या लॅबवाल्या मंडळींनी सोलापुरात माझा सत्कार ठेवला. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. एकजण म्हणाले, "ताई, डॉ. कोटणीसांच्या गावची लेक शोभलात." सोलापूरकराला याहून मोठं काय म्हणणार? भैया चौकातल्या कोटणीसांच्या स्मारकावरूनच मी रोज कामाला जाते. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेला तो माणूस १९४२ च्या डिसेंबरात तिथेच गेला, वय अवघं ३२. मी सहा आठवडे मलावीत राहिले आणि धडधाकट घरी आले. भाषणात मी तिथला पाऊस सांगितला, मक्याच्या पिठाचं न्सिमा सांगितलं, बरोबर नेलेली कडक भाकरी नि शेंगा चटणी शेवटपर्यंत कशी पुरवली तेही सांगितलं. एका मुलाचं मात्र तोंडून निघालं नाही.

मिशनचा दवाखाना दक्षिण मलावीत, शिरे नदीच्या खोऱ्यात. जानेवारी म्हणजे तिथे पाऊस आणि मलेरियाचा हंगाम. इकडे गड्डा यात्रा भरलेली असताना तिकडे सकाळी सहालाच व्हरांडा बायांनी भरायचा. प्रत्येकीच्या हातात मुलाची आरोग्यवही. केसपेपर दवाखान्यात ठेवत नाहीत, तो पेशंटबरोबरच फिरतो. मलेरिया आणि ताप, दोन्हीला चिचेवा भाषेत एकच शब्द चालतो, मलुंगो. त्यामुळे अंग तापलं की निदान आईच सांगून मोकळी होते.

मी गेले होते काचपट्ट्या वाचायला. जाड स्मिअर, म्हणजे काचेवर घेतलेला रक्ताचा जाड थेंब, हे माझं काम आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. उमेदवारीत आमच्या सरांनी वर्तमानपत्र पसरून शिकवलं होतं: रक्ताचा थेंब एवढाच पसरायचा, की काच पेपरवर ठेवली तर खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. जाड स्मिअर मिथेनॉलमध्ये कधी बुडवायचा नाही, नाहीतर तांबड्या पेशी फुटत नाहीत आणि जंतू त्यांच्याखाली दडून राहतात. काच रंगवायला इकडे आम्ही जेएसबी स्टेनवर वाढलो, तिकडे गिम्सा. गिम्साला पाण्याचा सामू ७.२ लागतो, म्हणून बफरच्या गोळ्या मी सोलापुरातूनच नेल्या होत्या. काचा वाळेपर्यंत वर जाळी धरावी लागायची, कारण माश्या ओलं रक्त चाटून जातात. हे एवढं कुणाला दिसत नाही. दिसतो तो फक्त रिपोर्ट.

त्या दिवशी नऊच्या सुमाराला एक बाई चारेक वर्षांचा मुलगा पाठीवर बांधून आली. दोन दिवस ताप, सकाळपासून गुंगी. मलेरियाच्या रॅपिड किटवर दोन रेघा आल्या. दोन आठवड्यांसाठी आलेल्या परदेशी स्वयंसेवक डॉक्टरांनी लगेच मलेरियाचं आर्टेसुनेट सुरू केलं. डॉक्टर मुलगी हुशार होती, मायाळू होती. पण वही तिने उघडली नाही. वहीत लिहिलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी याच मुलाला मलेरियाच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स झालाय.

किट मलेरियाच्या जंतूचं एक प्रथिन शोधतं. जंतू मेले तरी ते प्रथिन रक्तात कित्येक आठवडे रेंगाळतं. किट चांगली वस्तू आहे, तिने खेड्यापाड्यांत असंख्य जीव वाचवले आहेत. पण दोन रेघा दिसल्या की पुढचं बघायची सवय सुटते, हे मी तिथे रोज पाहिलं.

दहा वाजता माझी काच तयार झाली. सूक्ष्मदर्शकाखाली शंभर फील्ड पाहिली, मग दोनशे. एकही जंतू नाही. पांढऱ्या पेशी मात्र खच्चून, बहुतेक न्यूट्रोफिल, जिवाणूंशी लढणाऱ्या. मी जाऊन सांगितलं, "डॉक्टर, काच निगेटिव्ह आहे." ती म्हणाली, "किट पॉझिटिव्ह आहे ना, मग मलेरियाच." आणि पुढच्या मुलाकडे वळली.

मी परत आले आणि दुसरी काच केली. मग तिसरी. स्टेन बदलला, बफर ताजं केलं, लेन्स पुसली. सव्वीस वर्षांची सवय आहे, ज्याने तपासणी मागितली त्यालाच रिपोर्ट द्यायचा, वरून जायचं नाही. तिथला क्लिनिकल ऑफिसर समोरच्या बाळंतिणींच्या खोलीत होता. मधलं अंगण मी नंतर मोजलं, चाळीस पावलं. ती मी टाकली एक वाजता.

त्याने आधी वही उघडली. मग मुलाच्या डोक्याखाली हात घालून मान उचलून पाहिली. मान वाकेना, खांदेच वर आले. दहा मिनिटांत पाठीतलं पाणी काढून त्याने बाटली माझ्या हातात दिली. पेजेसारखं गढूळ. ग्रॅम स्टेनमध्ये जोडीजोडीने बसलेले जांभळे जंतू, भाल्याच्या टोकासारखे. न्यूमोकोकस. मलेरिया नव्हताच, मेंदूच्या आवरणाचा ताप होता, मेनिंजायटिस. पावणेदोनला त्यावरचं औषध, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन गेलं. तीन वर्षांच्या डिप्लोमावर वर्षानुवर्षं तो दवाखाना हा माणूस ओढतोय, आणि बाहेरचा डॉक्टर आला की त्यानेच बाजूला उभं राहायचं. ही पद्धत कुणी घातली कोण जाणे, पण ती वाईट आहे. स्वयंसेवकाने पहिल्या दिवशी त्याच्याशेजारी बसून शिकायला हवं, मी धरून.

मुलगा वाचला. आठव्या दिवशी खाटेवर बसून उकडलेल्या शेंगा खात होता. मी त्याच्या मागे स्टीलची ताटली जमिनीवर टाकली. अख्खा वॉर्ड वळला, तो वळला नाही. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि ताटली उचलून हातात दिली. "झिकोमो, अमायी," म्हणाली. झिकोमो म्हणजे आभार, अमायी म्हणजे आई, थोरल्या बाईला तसंच म्हणतात.

परत आल्यावर इथल्या एका बालरोगतज्ज्ञांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, या आजारात ऐकू येणं बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच जातं. तो तुमच्याकडे आला तेव्हाच गेलेलं असेल." असेलही. त्यांनी दोनदा समजावलं. तरी संध्याकाळी घरी येताना मी तीच गणितं मांडत बसते: दहाला निघाले असते तर पावणेअकराला औषध गेलं असतं.