मोनेच्या पाण्यातला वारा

पॅरिसमध्ये मी मराठी पर्यटकांना संग्रहालयं दाखवते. ओर्से संग्रहालयाच्या पाचव्या मजल्यावर, इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या दालनात पोचेपर्यंत मंडळींचे पाय बोलायला लागलेले असतात. क्लोद मोनेने काढलेल्या, पॅरिसजवळच्या आर्जांतय गावातल्या नौकाशर्यतीच्या चित्रासमोर म्हणून फारसं कुणी थांबत नाही. चित्रही लहानसंच, ४८ बाय ७५ सेंटिमीटर. माझं मात्र ते फार लाडकं.

त्या दिवशी मालवणचे एक काका तिथेच खिळले. नौदलातून निवृत्त, उमेदीच्या काळात मुंबई बंदरात शिडाच्या होड्यांच्या शर्यती गाजवलेले. बाकीचे पुढे चित्रकार देगाच्या नर्तिकांच्या चित्रांकडे गेले आणि काकांनी मला हाक मारली, "अगो, ह्येच्यात शर्यत खंय आसा?"

प्रश्न रास्त होता. पांढरी शिडं, निळं आभाळ, उजव्या काठावर झाडी आणि तांबडं घर. कुणी कुणाला मागे टाकत नाही. मी सांगितलं, चित्र १८७२ च्या सुमाराचं. मोने नुकताच आर्जांतयला राहायला आला होता. सीन नदीचं पात्र तिथे रुंद आहे. पॅरिसहून आगगाडीने सहज जाता येई, म्हणून शिडाच्या होड्यांचे शौकीन तिथे जमत.

काकांचे डोळे पाण्यावरच. तिथे शिडांचं प्रतिबिंब म्हणजे जाड पांढऱ्या रंगाचे सुटे फटकारे, मधूनमधून निळं पाणी. घराचं तांबडं आणि झाडांचं हिरवं शेजारी शेजारी ठेवलेलं, पण एकमेकांत कालवलेलं नाही. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे तुकडे. चार पावलं मागे सरलं की पाणी हलायला लागतं.

"वारा जोरात असता तर शिडं पाण्यात दिसलीच नसती," काका म्हणाले. "साफ पडला असता तर सलग दिसली असती. ही तुटलीत, म्हणजे झुळूक आहे. शर्यत सुटायच्या आधी होड्या अशाच घुटमळतात, वारा अजमावत."

त्या फटकाऱ्यांकडे मी आजवर रंगांच्या अंगानेच पाहत आले होते. त्यात वाराही मोजता येतो, हे मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं.

मग त्यांना चित्राच्या मालकाबद्दल सांगायलाच हवं होतं. गुस्ताव्ह कायबॉत. स्वतः चित्रकार, शिवाय पट्टीचा शर्यतवीर. पुढे तर होड्यांचे आराखडेही तो करू लागला. १८९४ मध्ये तो गेला आणि मित्रांच्या चित्रांचा अख्खा संग्रह मृत्युपत्राने सरकारला देऊन गेला. सरकारने बरीच खळखळ केली, सगळी चित्रं काही घेतली नाहीत. हे घेतलं, म्हणून आज आपल्याला दिसतं.

"होडीवाल्यानं घेतलं होतं ना? मग झालं," काका म्हणाले. "वारा खोटा असता तर त्यानं ते घरात ठेवलं नसतं."

जाताना त्यांनी विचारलं, आर्जांतय किती लांब? सॅं-लाझार स्टेशनवरून गाडी आहे, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मंडळी खरेदीला गेली, तेव्हा काका काकूंना घेऊन त्या गाडीत बसले होते.