आमची वाटचाल : मालवणच्या किनाऱ्यावरील लहान बोटींची देखभाल

२००९ च्या नारळी पौर्णिमेनंतर मालवणात भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचे काम सुरू झाले, तेव्हा वडिलांची अवजारे, पाण्याने भरलेले एक पिंप आणि इंजिन टांगण्यासाठी लाकडी घोडा एवढेच साहित्य आमच्याजवळ होते. वडिलांनी आयुष्यभर मच्छीमारांची इंजिने दुरुस्त केली. आम्ही मात्र हौसेने बोट ठेवणाऱ्यांकडे वळलो, कारण तारकर्ली-देवबाग परिसरात पर्यटन वाढत होते आणि कर्ली खाडीच्या काठी घर असलेली मंडळी लहान फायबर बोटी व आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या कडेला बाहेरून बसवायची) इंजिने घेऊ लागली होती.

मच्छीमाराचे इंजिन हंगामात रोज चालते, म्हणून त्यातला बिघाड लवकर कळतो. हौशी मालकाची बोट महिन्यातून दोन-तीनदा पाण्यात उतरते आणि उरलेले दिवस आतल्या मिठासह उभी राहते. पहिल्या दोन वर्षांत आमच्याकडे आलेल्या इंजिनांपैकी चालवून झिजलेली फारच थोडी होती. बहुतेक नुसती ठेवून खराब झालेली होती. समुद्रातून परतल्यावर दहा ते पंधरा मिनिटे गोड्या पाण्याने इंजिन आतून धुतले असते, तर त्यातील निम्मी कामे आमच्याकडे आलीच नसती, असे आजही मला वाटते. नळी जोडून इंजिन चालू ठेवून धुताना आधी पाणी सोडावे आणि मगच इंजिन सुरू करावे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, कोरडा फिरला तर काही क्षणांतच जळतो. काही इंजिनांना धुण्यासाठी वेगळे तोंड असते आणि त्यांतील अनेक इंजिने बंद ठेवूनच धुवायची असतात, म्हणून आपल्या इंजिनाची पुस्तिका पाहून घ्यावी.

२०११ साली माझ्या हातून एक चूक झाली. गिअरचे तेल बदलताना ते खालच्या छिद्रातून भरत वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरायचे असते, आणि तसे मी भरलेही. परंतु स्क्रूखालचे जुने वायसर तसेच ठेवले. दोन महिन्यांत तेथून पाणी शिरून गिअर गंजले आणि त्यांची पूर्ण भरपाई आम्ही केली. तेव्हापासून नवे वायसर घातल्याशिवाय आमच्याकडे तो स्क्रू आवळला जात नाही. काढलेले तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण पंख्यामागे (प्रोपेलरमागे) सापडते : खाडीत तरंगणारा तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळला जातो आणि सील कापतो. म्हणून हंगामात दोनदा तरी पंखा उतरवून दांडा स्वच्छ पुसावा, ग्रीस लावावे आणि मगच पंखा पुन्हा बसवावा.

देवबागजवळ नदी समुद्राला मिळते तेथे वाळूचे पट्टे सरकत राहतात. उथळ पाण्यात पंख्याने ढवळलेली वाळू पंपात जाते आणि इतरत्र दोन वर्षे टिकणारा इम्पेलर येथे एका हंगामात झिजतो. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार हीच त्याची खूण आहे. ती मंदावली की किनारा कितीही जवळ दिसत असला तरी इंजिन ताबडतोब बंद करावे, नांगर टाकावा आणि मग कारण शोधावे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा टाकीत आणि कार्बुरेटरमध्ये पेट्रोल तसेच ठेवून मालक मुंबई-पुण्याकडे अडकून पडले. वर्षअखेरीस बोटी आमच्याकडे आल्या तेव्हा जवळजवळ प्रत्येक कार्बुरेटरचे जेट (पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रे) चिकट थराने बंद झालेले होते. तेच काम पुन्हा पुन्हा करताना आमच्या मनात आले की बिघाडाची वाट पाहत बसण्यापेक्षा बोट वर्षभर आपणच सांभाळावी, आणि त्याच हिवाळ्यात आम्ही सहा मालकांशी वार्षिक देखभालीचा करार केला. आज आमचे बहुतेक उत्पन्न त्यातूनच येते.

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेल्यापासून ही काळजी अधिकच गरजेची झाली आहे. इथेनॉल दमट हवेतील पाणी शोषून घेते. ते प्रमाणाबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच पेट्रोल ओढते. म्हणून पावसाळ्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करावी, नळीवर पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा आणि कडक झालेली जुनी रबरी नळी बदलून टाकावी.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने आम्हाला किनाऱ्यावर ठेवलेल्या बोटींची काळजी घ्यायला शिकवले. ओढून वर घेतलेल्या बोटीच्या पाणी काढण्याच्या छिद्राचे बूच काढले नसेल, तर चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद तळात दहा सेंटिमीटर पाणी साचले तरी सुमारे सहाशे किलो भार होतो, आणि तो टेकूंवर येऊन तळाला तडे जातात. आता आम्ही बूच काढून मालकाच्या किल्लीलाच बांधतो, नाळ (बोटीचे पुढचे टोक) उंच करून ठेवतो आणि आउटबोर्ड उभे ठेवतो, म्हणजे आतले पाणी निथळून जाते. बॅटरी काढून घरात ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी.

गंज रोखण्यासाठी इंजिनाला लावलेला अ‍ॅनोड, म्हणजे धातूचा एक तुकडा, स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतो. तो अर्धा उरला की बदलावा. त्यावर रंग मात्र कधीही लावू नये, कारण रंगवलेला अ‍ॅनोड काहीच काम करत नाही. खाडीच्या मचूळ पाण्यात जस्ताऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड चांगला, असा आमचा अनुभव आहे. नोंदणी, विमा आणि माणशी एक लाइफ जॅकेट या बाबी करार करतानाच आम्ही तपासतो.

आता शेड स्वतःची आहे आणि आम्ही चौघे काम करतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की प्रत्येक बोट मालकासह कर्ली खाडीत नेतो. इंजिन थांबवणारी सुरक्षा-दोरी त्यांच्याच मनगटाला बांधून ती एकदा ओढायला लावतो आणि इंजिन खरोखर बंद पडते हे त्यांनी पाहिल्यावरच बोट त्यांच्या ताब्यात देतो.