धर्मपुरी ते नातेपुते

आधी आकडे सांगतो, कारण माझी सवयच तशी आहे. आळंदी ते पंढरपूर, मुक्कामामुक्कामाचं अंतर जोडलं तर साधारण 250 किलोमीटर. 2023 साली माउलींच्या पालखीचं प्रस्थान 11 जूनला होतं आणि आषाढी एकादशी 29 जूनला. म्हणजे 19 दिवस. त्यातले पुण्याचे, सासवडचे जादा मुक्काम सोडले तर चालायचे दिवस त्याहून कमी. हे सगळं मी फेब्रुवारीतच कागदावर मांडून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं.

मी साताऱ्यात राहतो, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे. 22 वर्षं महिन्याचं टार्गेट, तिमाहीचं टार्गेट, वर्षाचं टार्गेट. 98 टक्के झालं तरी साहेब विचारणार, उरलेल्या दोनाचं काय झालं. इतकी वर्षं हेच ऐकल्यावर माणूस घरच्या गोष्टीही त्याच मापाने मोजायला लागतो. वारीचं मी ठरवलं तेव्हाही तसंच ठरवलं: पूर्ण वारी, एकूण एक पाऊल पायी. ट्रक नाही, टेम्पो नाही, कुणाच्या मोटरसायकलवर पुढच्या चौकापर्यंतसुद्धा नाही.

हा दुसरा प्रयत्न होता. पहिला 2022 चा. त्याआधीची दोन वर्षं करोनामुळे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, त्यामुळे त्या साली लोक नुसते लोटले होते. मीही लोटलो. दोन दिवस आधी घेतलेले नवेकोरे बूट घालून. आळंदी ते पुणे निभावलं. पुणे ते सासवड हा सगळ्यांत मोठा टप्पा, 32 किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात दिवे घाट. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. मला कुणी लावल्या नाहीत. वर पोचलो तेव्हा दोन्ही टाचांना फोड आणि डाव्या पायाच्या करंगळीचं नख निळं. सासवडला सोपानदेवांच्या समाधीपर्यंतही गेलो नाही. दुसऱ्या दिवशी एसटी धरून घरी. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला रोज ‘दिवस 1/19’, ‘दिवस 2/19’ असं टाकत होतो, ते चारवर थांबलं. पुढे महिनाभर केमिस्टच्या दुकानात गेलो की पोरं विचारायची, ‘काय सर, पंढरपूर लांब आहे का हो?’

त्यामुळे दुसऱ्या वेळची तयारी अगदी चोख केली. मार्चपासून दर रविवारी चालणं. सुरुवातीला 5 किलोमीटर, मग यवतेश्वरचा घाट, मग 24 पर्यंत. शनिवार-रविवार लागोपाठ चाललो, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते, पहिल्या दिवशी कुणीही चालतो. बूट एक नंबर मोठे घेतले आणि आधी दीडशे किलोमीटर झिजवले. मोजे दोन-दोन, बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन. मे महिन्यात मुद्दाम भर दुपारी डांबरी रस्त्यावर चाललो. शेजारच्या काकूंनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, ‘सगळं ठीक आहे ना?’

एका गोष्टीची तयारी मात्र करता आली नाही, ती म्हणजे रजेची. जूनअखेर म्हणजे पहिल्या तिमाहीचं क्लोजिंग. एकादशी 29 ला आणि क्लोजिंग 30 ला. साहेबांनी रजेचा अर्ज बघून फक्त एवढंच विचारलं, ‘देवाला जुलै चालत नाही का?’

दिंडी माझ्या आजोळची. लातूरकडच्या खेड्यातली, रथामागची. मामा लहानपणापासून सांगायचा, ये म्हणून. दिंडी चालवणारे आबा सत्तरीच्या पुढचे, पायात रबरी चप्पल, तीही टाचेकडून झिजून पातळ झालेली. माझे बूट त्यांनी हातात घेऊन बघितले, अंगठ्याने तळवा दाबला आणि म्हणाले, ‘गादी चांगली हाय.’ पुढचे 19 दिवस त्यांच्या पायाला एक फोड आला नाही. मला सासवडच्या आधीच आला, एवढं व्हॅसलीन लावूनही. तो एका काकींनी सुईदोऱ्याने फोडला, दोरा आतच ठेवला, म्हणजे पाणी निथळत राहतं. औषध विकणारा माणूस मी, जंतुसंसर्गावर दहा मिनिटं बोलू शकलो असतो. गप्प बसलो. फक्त सुई स्पिरिटने पुसून घेतली.

दिंडीतलं चालणं आणि रविवारचं चालणं यांत फार फरक आहे, हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. एकट्याने तुम्ही ताशी पाच किलोमीटर चालता. दिंडीत रांग असते: पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये पखवाज, वीणा, मागे तुळशी घेतलेल्या बाया. रांग थांबली की थांबायचं, निघाली की निघायचं. या थांब-चाल-थांब प्रकाराने पोटऱ्या जेवढ्या भरतात तेवढ्या यवतेश्वरच्या घाटाने भरल्या नव्हत्या. आणि झोप. रात्री कीर्तन, पहाटे साडेतीनला टँकरपाशी बादली घेऊन रांग. त्या साली मान्सून रखडला होता; जून अर्धा उलटला तरी आभाळ कोरडं ठणठणीत, रस्ता तव्यासारखा. मेमधली भर दुपारची तालीम तेवढी कामाला आली.

मी मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत होतो. वाल्ह्याला दुपारच्या पंगतीत माझ्या शेजारी त्याच काकी होत्या, सुईदोऱ्यावाल्या. साठीच्या पुढच्या, काटकुळ्या, डोक्यावर तुळस. मी घड्याळात बघताना त्यांनी विचारलं, ‘काय मोजायलास रे सारखं?’ मी आकडा सांगितला. ‘मग आता किती राहिली?’ तेही सांगितलं. त्यांनी माझ्या पत्रावळीवर अजून एक भाकरी टाकली. ‘मग खा.’

दिंडीत मला कुणी ‘सगळी पायी करणार का’ असं विचारलं नाही, हे तेव्हा मला खटकत होतं. विचारायचे ते ‘कितवी वारी?’ मी म्हणायचो पहिली, आणि मनात म्हणायचो दीड. कुणाची नववी, कुणाची चोविसावी, आबांची त्यांना स्वतःलाच पक्की आठवत नव्हती. पाय दुखला की बाया सरळ सामानाच्या ट्रकमध्ये बसायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तुळस डोक्यावर. त्यांच्या मोजणीत तो दिवस गळलेला नसायचा. मला हे थोडं ढिलं वाटायचं, खरं सांगायचं तर. 98 टक्के.

लोणंद, तरडगाव, फलटण. हा माझा धंद्याचा भाग. लोणंदला दोन केमिस्ट रस्त्यावर उभे होते, एकाने पायांना तेल लावून दिलं आणि तेवढ्यात जुन्या बिलाचंही विचारून घेतलं. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं, अश्व रांगांमधून गेला, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. रिंगणावर पुष्कळांनी लिहिलंय, माझ्याने त्यात भर पडणार नाही. मी फलटणला रात्री कागद काढून बेरीज केली: निम्म्याहून जास्त झालं होतं. फोड वाळला होता. गुडघा कुरकुरत होता, पण ऐकत होता.

बरडहून नातेपुत्याला निघालो त्या दिवशी घोळ झाला.

वाटेत धर्मपुरी लागते. तिथे सातारा जिल्हा संपतो, सोलापूर सुरू होतो. स्वागताची गर्दी, धूळ, ऊन. काकी चालता चालता खाली बसल्या. तुळस त्यांनी आधी शेजारणीकडे दिली आणि मगच बसल्या, हे मला नीट आठवतं. आरोग्य पथकाच्या तंबूत नेलं. रक्तदाब खाली, अंगातलं पाणी कमी झालेलं. सलाईन लावलं, तासाभराने डॉक्टर म्हणाले, आता आज चालायचं नाही, गाडीने तळावर न्या, बरोबर कुणीतरी राहा. दिंडी पुढे निघायची होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘हा दवाखान्यातला माणूस आहे,’ मामा म्हणाला.

मी इकडे तिकडे बघितलं. लिहायला लाज वाटते, पण बघितलं. दुसरं कुणी आहे का, एखादी बाई, एखादा पोरगा, ज्याला एकूण एक पावलाचं काही पडलेलं नाही. दोन-तीन सेकंदच असेल ते. मग टेम्पोत चढलो.

तिथून नातेपुतं आठ-नऊ किलोमीटर असेल. वारीच्या गर्दीतून टेम्पो तेवढ्यालाही बराच वेळ घेत होता. मी ओआरएसची बाटली धरून बसलो होतो. शिंगणापूर फाट्याच्या आसपास काकींनी डोळे उघडले, माझ्या मनगटाकडे बघितलं.

‘तुझं मोजणं मोडलं का रे माझ्यापायी?’

‘नाही हो काकी.’

‘खोटं बोलायलास.’ आणि परत डोळे मिटले.

संध्याकाळी पालखी तळावर आली. दिंड्या गोलाने उभ्या राहिल्या, टाळांचा कल्लोळ चाललेला, आणि मग चोपदारांनी दंड वर केला. एवढ्या माणसांचा आवाज क्षणात थांबतो, हे ऐकून माहीत असलं तरी अंगावर काटा येतोच. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचतात: कुणाची पिशवी, कुणाची चावी. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती त्या वेळी टाळ वाजवत राहते, चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतात. माझीही तक्रार होती. पण हातात टाळ नव्हता.

रात्री मी आबांना माझा बेत सांगितला. दोन वाजता उठतो, मोटरसायकलवाला ठरवलाय, तो धर्मपुरीला सोडेल, तिथून चालत येतो. पहाटेपर्यंत परत. हिशेब पूर्ण. बेत पक्का होता, मी मोटरसायकलवाल्याला शंभर रुपये आगाऊसुद्धा दिले होते.

आबा तंबाखू मळत होते. हसतील, काहीतरी उपदेश करतील असं वाटलं होतं. तसलं काही नाही. म्हणाले, ‘जा की. पण साडेतीनला राहुट्या पाडायच्या हायत. दोन पोरं तापानं पडलीत. ट्रक भराय कोण हाय बघ, आन् मग जा.’

मी ट्रकपाशी जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. म्हणजे होते, पण साठीचे होते.

साडेतीनला राहुट्यांचे खुंटे उपटले, भांडी चढवली, तांदळाची पोती चढवली. पहाट होईपर्यंत पाठ गेली होती. शंभर रुपये मोटरसायकलवाल्याकडेच राहिले. त्या दिवशी माळशिरसच्या वाटेवर काकी पुन्हा रांगेत होत्या, आबांनी नको म्हटलं तरी. तुळस मात्र सुनेच्या डोक्यावर.

आता कुणी म्हणेल, बघ, वारीत ध्येयबिय काही नसतं, सोडून द्यायचं असतं सगळं. मला ते पटत नाही. आबांना पहाटे साडेतीनला किती राहुट्या, किती पोती, किती माणसं हे तोंडपाठ असतं. सत्तरीत झिजक्या चपलेने 250 किलोमीटर, तेही दर साली, याच्याइतकं दांडगं टार्गेट मी 22 वर्षांत कुणाच्या कागदावर बघितलं नाही. फक्त ते कपाटाला चिकटवत नाहीत आणि स्टेटसला टाकत नाहीत. आणि मी मार्चपासून हिशेब मांडून घाम गाळला नसता तर परत सासवडहूनच एसटी धरली असती, हेही खरंच. त्या टेम्पोतल्या आठ-नऊ किलोमीटरांचं काय करायचं ते मात्र मला अजून नीट कळलेलं नाही.

पुढचं भराभर झालं. वेळापूरच्या अलीकडे धावा असतो. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. सगळे उतारावर धावतात. मीही धावलो, गुडघ्याने पन्नासएक पावलं साथ दिली. काकी माझ्या पुढे गेल्या. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र आल्या, तिथे रस्ता दिसतच नाही, नुसती डोकी आणि पताका. दशमीला पंढरपुरात.

एकादशीला चंद्रभागेत स्नान. दर्शनबारी किती तास चालणार हे विचारायचीही सोय नव्हती, म्हणून बहुतेकांसारखं नामदेव पायरीपाशी टेकलो, कळसाला हात जोडले. आबा तेवढ्यावर खूश होते. म्हणाले, झालं दर्शन. मामा पौर्णिमेच्या काल्यापर्यंत थांबणार होता, मी नाही.

कारण द्वादशी म्हणजे 30 जून. फोन सकाळी सातपासून वाजत होता. पारणं सोडलं, आबांच्या पाया पडलो. ते माझ्या पाया पडले, तशी रीतच आहे. वहीत पुढच्या सालाची नावं लिहून घेत होते, माझं न विचारताच लिहिलं. काकी जपमाळ ओढत बसल्या होत्या, त्यांनी नुसती मान हलवली.

मला मिळालेली साताऱ्याची एसटी माळशिरस, नातेपुते, फलटण अशी उलटी त्याच रस्त्याने जाणारी होती. मी मुद्दाम खिडकी धरली होती. नातेपुत्यापासून धर्मपुरीपर्यंतचा तो पट्टा निदान डोळ्यांनी तरी नीट बघून घ्यायचा, कुठे चढ आहे, कुठे सावली, कुठे पाणी मिळेल, असं ठरवलं होतं. नातेपुत्याच्या स्टँडवर एक चहा घेतला, साहेबांचा फोन उचलला, आकडा सांगितला, त्यांनी उरलेल्याचं विचारलं. गाडी सुटली.

जाग आली तेव्हा कंडक्टर ओरडत होता, फलटण, फलटण.